चेनवर छत्री धरणारे सर

पावसाळ्यात कामशेतच्या रस्त्याने चालणारा माणूस छत्री आपल्या डोक्यावर धरतो. आमचे सर ती सायकलच्या चेनवर धरायचे. सगळं जग सायकल ढकलताना तिच्या डाव्या बाजूने चालतं, सर उजव्या बाजूने चालायचे, कारण चेन उजवीकडे असते. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात गुडघ्याच्या उंचीवर तिरकी धरलेली काळी छत्री, आणि स्वतः सर टकलापासून चपलेपर्यंत निथळत. शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी मी त्यांना मागून पाहिलं आणि मला वाटलं, हा बिचारा कुणा आजारी लेकराला दवाखान्यात नेतोय. काही मदत लागली तर करावी म्हणून मी लगबगीने पुढे गेले. लेकरू नव्हतंच. सर माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "बाई, चिखल उडवू नका, चेन आहे."

ते आमच्याकडे कार्यानुभव शिकवायचे. त्याआधी काही वर्षं तळेगावच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक स्टीलची फूटपट्टी आणि दुसरी प्रत्येक वस्तू आधी नापास धरायची सवय. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तरी उपयोग नाही म्हणा. नावाने त्यांना कुणी ओळखत नाही, पण चेनवाले सर म्हटलं की कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत कुणीतरी हसतंच.

त्यांचं पहिलं आणि शेवटचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. "चेन ताणली जात नाही बाई, चेन झिजते." हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात नऊ वेळा ऐकलं. माझ्याकडे सायकल नव्हती. घोरावाडीला लोकल पकडायची, कामशेतला उतरायचं आणि शाळेपर्यंत चालत जायचं, असा माझा खाक्या. पण ज्याच्याकडे सायकल नाही त्यालाच हे ज्ञान जास्त हवं, असं सरांचं मत होतं. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते. ती पिन आणि तिचं भोक केसाएवढं झिजतं. एका कडीत केस म्हणजे काहीच नाही. पण कड्या असतात एकशे बारा, आणि एकशे बारा केस एकत्र आले की चेन लोंबायला लागते. मग लोक म्हणतात चेन लूज झाली, आणि मागचं चाक ओढून घेतात. "आणि पाप झाकतात," असं म्हणून सर फूटपट्टी काढायचे.

फूटपट्टीची परीक्षा अशी. चेन ताणून धरायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं आणि चोवीस कड्या मोजायच्या. पंचविसावी पिन बरोबर बारा इंचावर आली तर चेन पास. अर्धं सूत पुढे सरकली की चेन बाद. अर्धं सूत म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, तुमच्या-आमच्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही. सरांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. गावात कुणी सायकलवरून चाललेला दिसला की ते त्याला थांबवायचे. माणूस बिचारा दूध घालायला निघालेला असायचा. सर उकिडवे बसून त्याची चेन मोजायचे आणि कुणाच्या मयताची बातमी सांगावी अशा आवाजात म्हणायचे, "अर्धं सूत गेलं हो." काही जण सरांना लांबून बघून वाट बदलत. एकाने तर चेनकव्हर बसवून घेतलं, डब्यासारखं पूर्ण बंद. सरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

दर रविवारी त्यांच्या घरी चेनचं स्नान असायचं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात रॉकेल, त्यात चेन, मग जुना दातांचा ब्रश, मग काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, जुन्या सुती साडीचा तुकडा. टेरिकॉट चालायचं नाही, त्याने धागे सुटतात. मग चेन उन्हात वाळवायची, ऊन नसेल तर पंख्याखाली. मग तेल. एका कडीला एक थेंब, म्हणजे एकशे बारा थेंब, आणि थेंब घालताना कुणी मध्ये बोललं तर पहिल्यापासून मोजणी. वरून धार सोडून तेल ओतणाऱ्यांबद्दल ते फार वाईट बोलायचे. तेल घातल्यावर चेन पुसून घ्यायची, कारण बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि धुळीने चेन कानशीने घासल्यासारखी झिजते. हे सगळं खरं आहे, मी नंतर चौकशी केली आहे. सरांचं काहीच खोटं नसायचं, हीच त्यांची मोठी अडचण होती.

काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "यांच्या चेनला दर रविवारी अभ्यंगस्नान. मला दिवाळीला गरम पाणी पुरत नाही."

चेन विकत घेणं हा त्यांचा दुसरा सोहळा. कामशेतातल्या सायकलवाल्याने मला सांगितलेली ही गोष्ट. सर आले आणि सहा डबे उघडायला लावले. प्रत्येक चेन काढून आडवी धरली आणि बाजूने किती वाकते ते पाहिलं. ढिली चेन बाजूला जास्त लवते, घट्ट बांधणीची कमी. मग प्रत्येक पिनेचं डोकं अंगठ्याने चाचपलं. मग पत्र्याची जाडी. दीड तास झाला. दुकानदार शेवटी म्हणाला, "सर, चेन घ्यायचीय का सोयरीक जुळवायचीय?" सर म्हणाले, "सोयरीक मोडता येते." आणि चेन न घेता निघून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले, त्याच सहा चेनी परत मोजल्या आणि दोन घेतल्या. एक सायकलला, एक तेलाच्या कागदात गुंडाळून कपाटात, जन्मभराची बेगमी म्हणून.

सोयरिकीवरून आठवलं. त्यांच्या पुतणीसाठी स्थळ बघायला ते सुदुंबऱ्याला गेले होते. मुलगा कारखान्यात कामाला, घरची शेती, दिसायला बरा. आत कांदेपोहे चालले होते आणि सर अंगणात मुलाच्या मोटारसायकलपाशी उकिडवे बसले होते. आत येऊन हात पुसत म्हणाले, "मुलगा चालणार नाही. चेन कोरडी आहे. जो माणूस रोज बसतो त्या गाडीकडे बघत नाही, तो बायकोकडे काय बघणार?" घरात महाभारत झालं. पुतणीने त्याच मुलाशी लग्न केलं आणि ती सुदुंबऱ्यात सुखाने नांदते आहे. दोन मुलं आहेत. चेन अजून कोरडीच आहे, असं सर दर वेळी जाऊन बघून येतात.

आता त्यांच्या मोठ्या अभिमानाची गोष्ट. त्यांच्या स्वतःच्या सायकलची चेन अकरा वर्षं टिकली होती. अकरा वर्षांत फूटपट्टीवर पाव सूतसुद्धा सरकली नव्हती. दर वर्षी नव्या शिक्षकांना ते हे दाखवायचे आणि नवे शिक्षक अचंबित व्हायचे. मीही झाले. मग वर्षभर त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि कोडं सुटलं. पावसाळ्याचे चार महिने चिखल म्हणून सर सायकल ढकलत न्यायचे. मार्चनंतर धूळ उडते म्हणून ढकलत न्यायचे. थंडीत पहाटेचं दव पडतं म्हणून सकाळी ढकलत न्यायचे, संध्याकाळी चढ म्हणून. सायकलवर बसून जाण्यासारखे दिवस वर्षात पंधरा-वीस निघायचे, आणि त्यातही रविवार असायचे, म्हणजे चेन रॉकेलमध्ये. अशी चेन अकरा वर्षं काय, सर गेल्यावर वारसांनासुद्धा पुरली असती.

डब्याच्या सुट्टीत आम्ही शिक्षकखोलीत या सगळ्यावर पोट धरून हसायचो. सर तिथे नसायचे. ते आपला डबा कार्यानुभवाच्या खोलीत बसून खायचे, शेजारी फूटपट्टी. मी त्यांची नक्कल फार चांगली करायचे. पोळीच्या डब्यावर छत्री धरून चालायचे, चपातीचा व्यास मोजायचे आणि "अर्धं सूत गेलं हो" म्हणून डबा नापास करायचे. "बाई, सरांचं करा ना," अशी फर्माईश व्हायची. मुख्याध्यापकसुद्धा दारात उभे राहून हसून जायचे.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जूनअखेरीला शाळेत एक टेम्पो आला आणि त्यातून एकोणीस सायकली उतरल्या. पुण्याकडच्या एका दानशूर मंडळाने लांबून चालत येणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलींसाठी त्या दिल्या होत्या. मंडळाची माणसं आली, फलक लागला, मुलींच्या हातात हँडल देऊन फोटो झाले. प्रत्येक सायकलला मुलीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. फोटो झाल्यावर साठा नोंदवहीत नोंद व्हायची म्हणून सायकली कार्यानुभवाच्या खोलीत ठेवल्या. नोंदवही सरांकडे. इथे घोडं अडलं.

त्या मुलींत एक मंगल होती, दहावीच्या माझ्या वर्गातली. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथली. घरून निघाली की पावणेदोन तासांनी शाळेत पोचायची. फार हुशार वगैरे नव्हती, पण हातात घेतलेलं गणित सोडायची नाही. बाकीची मुलं पुढच्या उदाहरणावर गेली तरी ही खाली मान घालून मागचंच करत बसायची आणि तास संपता संपता उत्तर आणून दाखवायची. दहावीचे जादा तास साडेपाचपर्यंत चालायचे. त्यानंतर चालत घरी जायचं म्हणजे अंधार, म्हणून ती जादा तासांना थांबायची नाही, आणि त्यामुळे मागे पडत चालली होती. तिने मला एकदा वर्गाबाहेर उभं राहून सांगितलं, "बाई, दादा म्हनला, सायकल मिळाली तर धावी कर. न्हाई मिळाली तर नवरात्रापास्नं मावशीसंगं लोनावळ्याला जायचं." दादा म्हणजे तिचा बाप. मावशी लोणावळ्यात एका बंगल्यात भांडी घासायची. सुट्टीच्या दिवसांत बंगले भरतात, तेव्हा तिथे हात कमीच पडतात.

हे मी डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी च्च् च्च् केलं.

सर तीन दिवस सायकली तपासत होते. डबा खायलाही विसरले म्हणे. चौथ्या दिवशी नोंदवहीत लाल शाईने शेरा पडला, "साखळ्या निकृष्ट. वाटप करू नये." त्यांनी मला खोलीत बोलावून दाखवलंसुद्धा. नव्याकोऱ्या चेनी, पण पत्रा पातळ, पिना ढिल्या, आणि ताणून धरल्या की पंचविसावी पिन पहिल्याच दिवशी बाराच्या पुढे. "ही नवी आहे बाई," सर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "पोरींच्या नावाने काहीही खपवतात."

मुख्याध्यापकांनी शेरा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. आता हे लेखी आलं होतं. उद्या उतारावर चेन तुटली आणि मुलगी पडली, तर वाटपाच्या कागदावर सही कुणाची? त्यांनी उपमुख्याध्यापकांकडे पाहिलं, उपमुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं. कुणीतरी म्हणालं, शेरा बदलून घ्या. कुणीतरी म्हणालं, तुम्ही सांगा. सरांना जाऊन सांगणारा कुणी निघाला नाही. शेरा राहिला आणि खोलीला कुलूप लागलं. कुलपाची एक किल्ली सरांच्या फूटपट्टीच्या भोकात दोऱ्याने बांधलेली. दुसरी माझ्या कपाटात, कारण मुलींच्या लेझमी त्याच खोलीत असायच्या. म्हणजे सरावासाठी लेझमी काढताना आठवड्यातून दोनदा मी त्या एकोणीस सायकलींमधून अंग चोरून जायचे.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. मंडळाला पहिलं पत्र चार पानी, आकृत्यांसह. उत्तर दोन ओळींचं, सायकली विनामूल्य असल्याने सुटे भाग बदलून देण्याची तरतूद नाही. मंडळाच्या सचिवांनी मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं की धर्म करता कर्म उभं राहिलं. सरांनी दुसरं पत्र सात पानांचं लिहिलं. तिसऱ्याला त्यांनी पिनेचा नमुना जोडला. तोवर श्रावण उजाडला होता. बंद खोलीत, मावळातल्या ओलीत, त्या चेनी तांबूस झाल्या, मग तपकिरी. सरांनी तेही टिपून ठेवलं. चांगल्या दर्जाची चेन एवढ्या लवकर गंजत नाही, म्हणजे निकृष्टपणाचा आणखी एक पुरावा मिळाला. या चेनींना तेल घालावं असं तुम्हाला वाटलं नाही का, असं मी विचारलं. "नापास मालाला हात लावत नाहीत," सर म्हणाले.

भाद्रपदात मंगलची आई शाळेत आली. अंगावर प्लॅस्टिकचा कागद, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. मुख्याध्यापकांनी तिला सरांकडे पाठवलं. मी तेव्हा त्याच खोलीत लेझमी मोजत होते. सरांनी तिला स्टूल दिलं, ती बसली नाही.

"सर, सायकल कवा देताय?" तिने विचारलं.

सरांनी फूटपट्टी काढली. त्या बाईसमोर मंगलच्या सायकलची चेन ताणून धरली, चोवीस कड्या मोजल्या, पिन कुठे यायला हवी आणि कुठे आली ते दाखवलं. त्यांनी तिला कमी लेखलं नाही, आम्हाला सांगायचे तसंच सगळं सांगितलं. तिनेही वाकून नीट पाहिलं.

"मंजे तुटंल म्हंता?"

"आज नाही तुटणार, मावशी. पण वर्षभर काही जाणार नाही."

"परिक्षा कवा हाय?"

"मार्चमध्ये."

"तवर टिकंल?"

सरांनी चेनकडे पाहिलं. खोटं त्यांना बोलता यायचं नाही. "तोवर टिकेल," ते म्हणाले. "पण फ्रीव्हीलचे दाते खाईल."

"खाऊ द्या की. आन तुटली तर पोरगी ढकलत यील. आता बी चालतच येती."

सरांनी चेन सोडली. मला वाटलं, संपलं, आता शेरा खोडणार. ते फूटपट्टी पुसत राहिले आणि म्हणाले, "मावशी, खराब वस्तू माहीत असून मी तुमच्या मुलीच्या हातात देणार नाही. मी नवीन चेनी मागवल्यात. थोडं थांबा."

"थांबाया आमी थांबू," ती म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. "बाईंस्नी ठावं हाय समदं. मंगलीनं सांगितलंया त्यांना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बाई?"

"सांगते नंतर," मी म्हणाले. घंटा झाली होती, लेझमीच्या मुली दारात उभ्या होत्या.

नंतर सांगितलं नाही. विसरले असं नाही. सांगायला गेले की आधी चेनवर अर्धा तास ऐकावं लागेल, मग वाद होईल, मग शेरा बदलण्यासाठी अर्ज माझ्या नावाने करावा लागेल, असं सगळं डोक्यात आलं. उद्या सांगू म्हटलं. आणि त्या दुपारी शिक्षकखोलीत मी "खाऊ द्या की" आणि "फ्रीव्हीलचे दाते खाईल" हे दोन्ही आवाज काढून दाखवले. फार रंगलं.

घटस्थापनेच्या दिवशी मंगल आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी हजेरीपटावर फुल्या मारल्या.

खंडेनवमीला आमच्या शाळेत अवजारांची पूजा असते. प्रयोगशाळा, संगणक, बागेची फावडी, सगळ्याला हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. कार्यानुभवाची खोली तर त्या दिवशी उघडावीच लागते. सायकली अंगणात काढल्या. गंजक्या चेनी आणि त्यांच्यावर पिवळ्याधमक माळा. सर प्रत्येक मुलीला बजावत होते, "कुंकू दांडीला लावा, चेनला नको, पिनांत कण जातात." शिपाईमामांनी नारळ फोडला. आणि आठवीतली एक चुणचुणीत पोर मुख्याध्यापकांना म्हणाली, "सर, पूजा झालेली गाडी तशीच आत ठेवत न्हाईत. एक फेरी मारत्यात."

हे खरंच होतं. आमच्याकडे ट्रॅक्टरपासून स्कूटीपर्यंत पूजेनंतर प्रत्येक गाडी फेरी मारून येते, नाहीतर पूजा पुरी होत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, मैदानात एकच फेरी. अठरा मुली बसल्या. चेनींचा असा करकराट झाला की झाडावरचे कावळे उडाले. पहिली फेरी मैदानात झाली. दुसरी फेरी फाटकातून बाहेर पडली आणि परत आलीच नाही. माळा उडवत अठराही जणी आपापल्या वाड्या-वस्त्यांकडे गेल्या. सर तेलाची कुपी घेऊन फाटकापर्यंत पळाले. "थांबा, निदान एकेक थेंब तरी," असं ते ओरडत होते आणि आम्ही व्हरांड्यात हसून वाकलो होतो.

सगळ्यात जास्त आनंद मुख्याध्यापकांना झाला. सायकली गेल्या आणि सही कुणाचीच नाही. देवाच्या नावावर खपलं.

सर परत आले तेव्हा अंगणात एक सायकल उभी होती. त्यांनी चिठ्ठी वाचली. "ही मंगल कुठं आहे?"

मग मीच सांगितलं, ती घटस्थापनेपासून येत नाही, लोणावळ्याला कामाला गेली असणार, तिच्या वडिलांनी तसं आधीच ठरवलं होतं.

"आधीच म्हणजे कधी?"

"जुलैत."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

व्हरांड्यातले सगळे एकेक करून वर्गात गेले. सर बराच वेळ त्या सायकलजवळ उभे होते. मी तेव्हाही मनात म्हटलं, आता फूटपट्टी काढतील. त्यांनी ती काढली नाही.

दसऱ्याची सुट्टी असताना सकाळी त्यांचा फोन आला. "तुम्ही वर्गशिक्षिका आहात. चला." मी तोवर जुनी स्कूटी घेऊन ती कामशेत स्टेशनपाशी ठेवायला लागले होते. शाळेत पोचले तर सर मंगलची सायकल घेऊन तयार. कपाटातली तेलाच्या कागदातली चेन त्यांनी तिला बसवली होती. आणि ते सायकलवर बसले. वडिवळ्याच्या रस्त्याला खड्डे, खड्ड्यांत पाणी, कडेला शेतांतून आलेला चिखल. सर कुठेही उतरले नाहीत. पाण्यातून, चिखलातून, नवीकोरी चेन भिजवत ते वाकून पायडल मारत होते आणि मी स्कूटीवरून मागून चालले होते. मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसू आलं नाही.

रस्ता संपल्यावर वाडीपर्यंत पायवाट आहे. सरांनी सायकल खांद्यावर घेतली.

पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे उगाच आशा नको. मंगल परत आली नाही. सर नंतर दोनदा लोणावळ्याला जाऊन त्या बंगल्याच्या फाटकात उभे राहून आले. पहिल्यांदा ती भेटली आणि "दिवाळी झाल्यावर बघते" म्हणाली. दुसऱ्यांदा ती बाहेर आली नाही. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला तिची जागा रिकामी होती. त्या अठराजणींपैकी तिघींच्या चेनी तोवर तुटल्या. तिघीही सायकल ढकलत परीक्षेला आल्या.

तर त्या दिवशी आम्ही वाडीत पोचलो तेव्हा तिची आई अंगणात गवताचे भारे बांधत होती. सरांनी सायकल भिंतीला टेकवली. त्यांचा श्वास लागला होता.

"मावशी, सायकल आणली," ते म्हणाले. "चुकलं माझं. मुलीला बोलवा."

"ती लोनावळ्याला हाय, सर," ती म्हणाली. "रागवून गेली न्हाई. दादाला म्हनली, सरांनी न्हाई मंजे न्हाईच दिली, जाती मी. आता तिचाच जीव उडालाय शाळंवरनं." मग सायकलकडे बघून म्हणाली, "धाकटी आठवीत गेली की चालवंल. ठिवून जावा."

सरांनी मान हलवली. बंगला कुठे आहे ते विचारून कागदावर लिहून घेतलं. मग त्यांना तिथे उभं राहवेना. "मी खाली थांबतो बाई," म्हणून ते पायवाटेने निघून गेले, हात मोकळे, काय करायचं ते न कळल्यासारखे.

आईने मला आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. सर वळणाआड गेलेत याची खात्री करून मी हळू आवाजात म्हणाले, "काय करणार हो. सर पहिल्यापासून असेच आहेत, चक्रम. चेनपलीकडे त्यांना काही दिसत नाही. आम्ही सगळे तरी किती सांगणार?"

तिने भाऱ्याची गाठ आवळली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना काय बोलू, बाई," ती म्हणाली. "त्यांना चेनची तरी काळजी व्हती. तुमाला कशाची व्हती?"